अणुऊर्जेच्या परिभाषेतील या चुका टाळा

अणुऊर्जेवरील भाषांतरे तपासताना माझी तांबडी पेन्सिल सर्वाधिक झिजते ती 'मंदायक' या शब्दावर. नवखा लेखक नुसते नाव वाचतो आणि मंदायक म्हणजे अणुभट्टीचा ब्रेक असे ठरवून मोकळा होतो. वस्तुतः मंदायक न्यूट्रॉनांचा वेग कमी करतो, अभिक्रियेचा नव्हे; आणि मंद न्यूट्रॉनांमुळे युरेनियम-२३५ चे विखंडन, म्हणजे अणुकेंद्र फुटणे, अधिक सहज होत असल्याने बहुतेक वीजनिर्मिती भट्ट्यांत मंदायकाविना साखळी अभिक्रिया टिकतच नाही. ब्रेकचे काम न्यूट्रॉन शोषून घेणाऱ्या नियंत्रक दांड्यांचे असते.

एकदा सुरक्षेवरील एक प्रकरण माझ्याकडे आले. हलक्या, म्हणजे साध्या पाण्याच्या भट्टीत पाणी हे मंदायकही असते आणि शीतकही, म्हणजे उष्णता वाहून नेणारेही, त्यामुळे ते निघून गेल्यास साखळी अभिक्रिया थांबते, असे मूळ लेखकाने लिहिले होते. मंदायकालाच ब्रेक समजणाऱ्या भाषांतरकाराला ही मूळचीच चूक वाटली आणि त्याने परस्पर 'थांबते'चे 'बेफाम होते' केले! पुढची अकरा पाने त्याच समजुतीवर उभी होती. विचारले, तर त्याने १९८६ च्या चेर्नोबिल अपघाताचा दाखला दिला. पण तेथे मंदायक ग्रॅफाइट होते आणि पाणी केवळ शीतक; पाण्याची वाफ होऊ लागताच न्यूट्रॉनांचे शोषण घटले, ग्रॅफाइट मात्र जागच्या जागी राहिले आणि अभिक्रिया आणखी भडकली. म्हणजे दाखला त्याच्याच विरुद्ध जात होता. शब्दकोशातील पहिला अर्थ उचलण्याची घाई अशी महागात पडते. मी प्रत्येक संज्ञेपुढे समासात 'कोण, कोणाला, काय करतो' एवढे लिहून ठेवतो. वेळ लागतो, लागू द्यावा.

दुसरा दगाबाज शब्द 'बंद'. विखंडन थांबल्यावरही विखंडनातून उरलेल्या पदार्थांच्या क्षयामुळे उष्णता निघतच राहते. ती आरंभी पूर्ण औष्णिक शक्तीच्या सुमारे ६ ते ७ टक्के असते, म्हणजे ३,००० मेगावॅट औष्णिक शक्तीच्या भट्टीत जवळजवळ २०० मेगावॅट. ११ मार्च २०११ रोजी फुकुशिमा दाइची येथील चालू असलेल्या तिन्ही भट्ट्या भूकंप होताच आपोआप 'बंद' झाल्या होत्या; त्सुनामीमुळे वीजपुरवठा जाऊन शीतन थांबले आणि तिन्हींचे गाभे वितळले. म्हणून मी 'विखंडन थांबले' असे लिहितो, आणि पुढच्याच वाक्यात शीतनाचे काय झाले ते सांगतो.

'क्रांतिक' म्हणजे धोक्याची अवस्था नव्हे. साखळी अभिक्रिया स्वबळावर, स्थिर चालू आहे, एवढाच त्याचा अर्थ. अर्धायुष्य म्हणजे किरणोत्सर्गी पदार्थ निम्मा होण्यास लागणारा काळ; दोन अर्धायुष्ये लोटली म्हणजे तो संपत नाही, चतुर्थांश उरतो. बेकरेल हे पदार्थाच्या किरणोत्सर्गितेचे एकक, तर सिव्हर्ट हे शरीरावरील परिणाम लक्षात घेऊन काढलेल्या मात्रेचे. आणि नुसते सिव्हर्ट म्हणजे एकूण मात्रा, 'सिव्हर्ट प्रतितास' म्हणजे ती मिळण्याचा दर; तो 'प्रतितास' जागा वाचवण्यासाठी गाळणाऱ्याचा मजकूर मी पुढे न वाचता परत पाठवतो.