घरी बीपी मोजायचं तर आधी हात ठरवा

स्ट्रोकनंतर माणूस घरी आला की पहिल्याच आठवड्यात बीपीचं यंत्र आणलं जातं. दंडाला पट्टा बांधायचं घ्या, मनगटाचं नको. नाशिकच्या औषधबाजारातून, गोळे कॉलनीतून आणा नाहीतर कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून, पण निघण्याआधी शिवणाच्या टेपने पेशंटच्या दंडाचा घेर मोजा, खांदा आणि कोपर यांच्या मधोमध. यंत्रासोबतचा पट्टा बहुधा २२ ते ३२ सेंटिमीटर घेरासाठी असतो. दंड जाड असेल तर मोठा पट्टा वेगळा मागा, कारण लहान पट्टा ताणून बसवला की आकडा उगाच चढा येतो. बारीक दंडाला मोठा पट्टा बांधला तर आकडा खरा असतो त्याहून कमी दिसतो. हे जास्त वाईट, कारण कमी आकडा बघून घरात कुणाला शंकाच येत नाही. झोपून राहिलेल्या माणसाचा दंड हळूहळू वाळतो, तेव्हा दोन-तीन महिन्यांनी घेर पुन्हा मोजा. जादा सेल घरात असू द्या.

आता हात. पट्टा चांगल्या हाताला बांधायचा. ज्या बाजूला लकवा मारलाय त्या हाताला नाही. त्या हाताचे स्नायू आधी ढिले पडतात, पुढे कधी ताठरतात, कधी हाताला सूज असते, आणि त्यानुसार आकडा खाली किंवा वर सरकू शकतो. शिवाय त्या हाताची जाणीव कमी झालेली असते. पट्टा फार आवळला, कातडीला चिमटा बसला, तरी पेशंटला कळत नाही.

घरात हे कसं चुकतं ते सांगते. चांगला हात सतत कामात असतो. त्यात चहाचा कप असतो, रिमोट असतो, पेपर असतो. दुसरा हात उशीवर गप्प पडलेला. मग जो हात मोकळा दिसतो त्यालाच आपण पट्टा बांधतो, वर वाटतं की बिचाऱ्याच्या चांगल्या हाताला कशाला त्रास. अण्णांच्या वेळी आमच्याकडे नेमकं हेच झालं आणि वहीभर लिहिलेले आकडे डॉक्टरांच्या काही उपयोगाचे राहिले नाहीत. आता आईच्या वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत ‘फक्त उजवा हात’ लिहिलंय, आणि तेच यंत्रावर चिकटवलंय. तुम्हीही चिकटवा. दिवसाची मावशी बदलते, सुट्टीत नातवंडं हौसेने मोजायला बसतात, आणि प्रत्येकाला तोंडी सांगून लक्षात राहत नाही.

एकदा मात्र दवाखान्यात दोन्ही हातांचं बीपी मोजून घ्या आणि फरक बराच असेल तर घरी कोणता हात धरायचा ते डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. चांगल्या बाजूला डायलिसिसचा फिस्टुला (ऑपरेशन करून जोडलेली रक्तवाहिनी) असेल, किंवा स्तनाच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या असतील, तरीही विचारा. एकदा ठरलं की तोच हात. रोज तोच.

बसवायचं कसं हे बहुतेकांना माहीत असतं: पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, पायावर पाय नाही, दंड छातीच्या उंचीला. स्ट्रोकनंतर माणूस एका बाजूला कलतो, म्हणून त्या बाजूला लोड लावा. पाच मिनिटं शांत बसू द्या आणि मोजताना त्यांच्याशी बोलू नका. अर्धा तास आधी चहा नाही, तंबाखू तर अजिबातच नाही. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत सकाळी स्वेटर काढायला कुणी तयार नसतं, तरी पट्टा उघड्या दंडावरच हवा. बाही वर गुंडाळली की ती दंडाला आवळते, तेव्हा बाही काढा आणि पाठीवर शाल टाका. थंडीत बीपी तसंही थोडं चढतं.

लघवी तुंबली असेल तरी आकडा चढतो. वाचा गेलेल्या माणसाला हे सांगता येत नाही, म्हणून आपणच विचारायचं, मान हलवून उत्तर देता येईल असं: “बाथरूमला जायचंय का?”

वेळ: सकाळी गोळ्या आणि नाश्त्याच्या आधी, आणि संध्याकाळी. प्रत्येक वेळी दोनदा, मध्ये एक मिनिट सोडून. दोन्ही आकडे लगेच वहीत, तारीख, वेळ आणि नाडीसकट. यंत्राच्या मेमरीवर विसंबू नका, त्यात शेजारच्या काकांचंही बीपी असतं. डॉक्टरांकडे जाण्याआधीचे सात दिवस हे एकही दिवस न चुकवता करा. ठोके अनियमित असतील तर यंत्राचे आकडे इकडेतिकडे उड्या मारतात. अशा वेळी तीनदा मोजा आणि ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घाला.

उठल्यावर चक्कर येत असेल तर बसून मोजल्यावर उभं करून एक ते तीन मिनिटांत पुन्हा मोजा, पण एकाने पेशंटला धरून. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त पडत असेल तर डॉक्टरांना कळवा. पडून खुबा मोडणं या वयात परवडत नाही. आणि उभं करून मोजतानाही चांगलाच हात.

स्ट्रोकनंतर बहुतेकांसाठी १३०/८० च्या खाली हे लक्ष्य असतं, पण तुमच्या माणसाचा आकडा डॉक्टरांकडून लिहून घ्या. एका आकड्याने घाबरू नका. आठवडाभर आकडे चांगले आले म्हणून गोळी बंद करू नका, ते गोळीमुळेच चांगले आहेत. मनाने गोळी वाढवूही नका. गुडघेदुखीवर दुकानातून आणलेल्या पेनकिलरने बीपी वाढू शकतं, विचारल्याशिवाय देऊ नका. मीठ कमी, म्हणजे पापड, लोणचं, चिवडा आणि रविवारची मिसळही आलीच.

तपासणीला वही आणि यंत्र दोन्ही न्या, दवाखान्यातल्या यंत्राशी ताडून बघा. तिथेही पट्टा कोणत्या हाताला बांधतायत ते बघा आणि चुकत असेल तर सांगा, संकोच करू नका.

१८०/१२० च्या वर गेलं तर पाच मिनिटं शांत बसवून पुन्हा मोजा. तरी तेवढंच असेल तर लगेच डॉक्टरांना फोन. जिभेखाली कसलीही गोळी ठेवायची नाही. तोंड वाकडं होणं, हात-पाय गळणं, बोलणं अडखळणं, अचानक दिसेनासं होणं, यातलं काहीही नव्याने दिसलं तर यंत्र शोधत बसू नका. १०८ लावा, पेशंट शेवटचा नीट कधी होता ती वेळ लिहा, तोंडाने पाणीसुद्धा देऊ नका. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही सीटी स्कॅन झाल्यावर. चोवीस तास सीटी स्कॅन चालू असलेलं जवळचं हॉस्पिटल कोणतं ते आजच विचारून ठेवा. सिन्नर, दिंडोरीकडून नाशिकला येणाऱ्यांचा वेळ रस्त्यातच जातो, त्यांनी तर नक्कीच.