वर्कस्टेशन कीबोर्डवर पेटी आणि संबळ सॅम्पल करून गाणे कसे बांधावे

कॉर्ग कंपनीने १९८८ मध्ये एम-वन बाजारात आणला आणि तयार टोन, अनेक ट्रॅकचा सिक्वेन्सर (वाजवलेल्या नोंदी साठवून पुन्हा वाजवणारी सोय) व इफेक्ट एकाच कीबोर्डात असणे म्हणजे वर्कस्टेशन, अशी समजूत रूढ झाली. त्या वाद्यात बाहेरचा आवाज आत घेऊन पट्ट्यांवर वाजवण्याची, म्हणजे सॅम्पलिंगची, सोय मात्र नव्हती. ती १९९९ च्या ट्रायटनमध्ये आली, आणि २०११ च्या क्रोनॉसपर्यंत त्या कामाची पद्धत फारशी बदलली नाही. म्हणून पुढील विवेचनात कॉर्गच्या याच घराण्यातील संज्ञा वापरल्या आहेत. यामाहाच्या मोटिफवर किंवा रोलँडच्या फँटमवर बटणांची नावे वेगळी दिसतील, पण कामाचा क्रम बहुतांशी हाच राहील. काही कीबोर्डांवर माईक लावून सॅम्पल घेता येत नाही. तेथे संगणकावर कापलेली वेव्ह फाइल यूएसबीवरून आत आणावी लागते. रोलँडचे एक्सपीएस-३० हे त्यातलेच.

उदाहरणासाठी पेटी घेऊ. तयार टोनांमध्ये पेटी असते, परंतु ती बहुधा अकॉर्डियनच्या अंगाने वाजते. संबळ किंवा हलगी तर शोधूनही क्वचितच सापडते. स्वतः सॅम्पल घेण्याचे खरे कारण हेच आहे.

आधी गाणे, मग सॅम्पल

नवा सॅम्पलर हाती आला की घरातील प्रत्येक वाद्याचा प्रत्येक स्वर साठवण्याचा मोह होतो. तो टाळावा. प्रथम चाल एखाद्या साध्या पियानोच्या टोनवर वाजवून पाहावी, गायकाची पट्टी (गाण्याचा आधारसूर) ठरवावी आणि पेटीला प्रत्यक्षात किती स्वर वाजवायचे आहेत ते मोजावे. तीन सप्तकांच्या पेटीला ३७ पट्ट्या असतात आणि दर तीन पट्ट्यांना एक असे धरले तरी १३ सॅम्पल घ्यावे लागतात. पण चाल दीड सप्तकातच फिरत असेल तर सातांत काम भागते, आणि वाचलेला वेळ चालीवर खर्च करता येतो.

स्मृतीचा हिशोबही येथेच करावा. १६ बिट आणि ४८ किलोहर्ट्झ या दराने मोनो आवाजाच्या एका सेकंदाला ९६,००० बाइट लागतात. मूळ ट्रायटनमध्ये १६ मेगाबाइट सॅम्पल स्मृती असे, म्हणजे मोनोमध्ये तीन मिनिटांहून थोडे कमी आणि स्टिरिओमध्ये त्याच्या निम्मे. नव्या वाद्यांवर एवढी चणचण नसते. तरीही पेटीसारखे वाद्य मोनोतच घ्यावे, असे माझे मत आहे; वाद्य एका वेळी ठरावीक संख्येनेच आवाज (व्हॉइस) वाजवू शकते आणि स्टिरिओ सॅम्पल एका स्वरासाठी दुप्पट व्हॉइस खाते, आणि आवाजाला रुंदी हवी असेल तर ती नंतर इफेक्टने देता येते.

ध्वनिमुद्रण

या टप्प्यावर घाई केली तर पुढे कोणतेही बटण मदतीला येत नाही. पंखा बंद करावा, खिडक्या लावाव्यात, आणि पेटीचा कपलर (दुसऱ्या सप्तकातली पट्टीही सोबत दाबणारी सोय) व कंपनाचा स्टॉपर बंद ठेवावा. माईक पेटीपासून हात-दीड हात अंतरावर, भात्याच्या विरुद्ध बाजूस ठेवला तर हवेचा फुसकारा कमी येतो. कंडेन्सर माईकला ४८ व्होल्टचा वीजपुरवठा लागतो. तो पुष्कळ वर्कस्टेशनांच्या इनपुटवर नसतो, त्यामुळे मध्ये छोटा मिक्सर लावावा लागतो. इनपुटची पातळी अशी ठेवावी की सर्वांत मोठा आवाजही शून्य डेसिबलच्या सुमारे ६ डेसिबल खालीच राहील. डिजिटल मुद्रणात शून्याच्या वर गेलेला आवाज फाटतो आणि तो पुन्हा शिवता येत नाही.

सॅम्पलिंग मोडमध्ये ट्रिगर ‘थ्रेशोल्ड’ वर ठेवल्यास आवाज ठरावीक पातळीच्या वर गेला की मुद्रण आपोआप सुरू होते. पेटीची रीड (आवाज देणारे धातूचे पाते), विशेषतः खर्जातली, हळूहळू बोलती होते. पातळी गाठेपर्यंत तिच्या उठावाचा पहिला भाग निसटलेला असतो. त्यासाठी ‘प्री-ट्रिगर’ ची सोय वापरावी, म्हणजे ट्रिगरच्या आधीचे काही मिलिसेकंदही सॅम्पलमध्ये येतात. प्रत्येक स्वर सहा सेकंद धरावा आणि त्या सहा सेकंदांत भात्याचा दाब अजिबात बदलू देऊ नये. दाब बदलला की आवाजाची पातळी तर हलतेच, पण सुरातही किंचित फरक पडतो, आणि पुढे लूप लावताना हा फरक उघडा पडतो.

लूप लावणे

पट्टी दाबून ठेवली असेपर्यंत स्वर चालू राहावा यासाठी सॅम्पलचा मधला भाग पुन्हा पुन्हा वाजवावा लागतो. त्यासाठी तीन बिंदू ठरवायचे असतात : आरंभ, लूपचा आरंभ आणि शेवट. आरंभ उठावाच्या अगदी आधी आणावा. लूपचा आरंभ साधारण दीड सेकंदानंतर, म्हणजे स्वर स्थिरावल्यावर ठेवावा. ‘यूज झीरो’ चालू केल्यास हे बिंदू ध्वनिलहर मध्यरेषा ओलांडते तेथेच बसतात आणि जोडावरचा ‘टक्’ असा आवाज टळतो.

एवढे करूनही पेटीच्या लूपमध्ये एक अडचण उरते. दुहेरी रीडच्या पेटीत एकाच स्वराच्या दोन रीड किंचित वेगळ्या लागलेल्या असतात आणि त्यांच्या फरकामुळे आवाजात संथ हेलकावा येतो. हा हेलकावा सेकंदाला दोन वेळा येत असेल तर लूपची लांबी अर्धा, एक किंवा दीड सेकंद अशीच हवी. मध्येच कुठे तरी तोडली तर प्रत्येक फेरीला आवाज अडखळतो. कान लावून हेलकावे मोजावेत, लांबी त्यानुसार जुळवावी आणि तरीही जोड जाणवल्यास जोडाची दोन टोके एकमेकांत विरघळवणारा ‘क्रॉसफेड लूप’ वापरावा. ज्यांना एवढा खटाटोप नको त्यांनी एका रीडचा स्टॉपर बंद करून सॅम्पल घ्यावे. आवाज थोडा सडपातळ येतो, पण लूप लवकर बसतो.

पट्ट्यांवर मांडणी

सुटी सॅम्पल एकत्र बांधून ‘मल्टिसॅम्पल’ तयार होते. त्यातील प्रत्येक इंडेक्सला, म्हणजे एका सॅम्पलच्या कप्प्याला, मूळ पट्टी आणि वरची सीमा सांगावी लागते. मुद्रण सुरू करण्यापूर्वीच ‘झोन रेंज’ तीन आणि मूळ पट्टी मधोमध, असे ठरवून ठेवले तर ‘क्रिएट’ दाबताक्षणी तीन पट्ट्यांचा कप्पा तयार मिळतो. सॅम्पल वर आणि खाली फक्त एकेका पट्टीने ताणले जाते. याहून फार ताणल्यास उठावाचा वेग बदलतो, हेलकावा जलद किंवा मंद होतो आणि पेटी खेळण्यातली वाटू लागते.

मग सर्व पट्ट्या एकामागून एक वाजवाव्यात. एखाद्या कप्प्यात आवाज उडी मारत असेल तर त्या इंडेक्सची पातळी, आणि स्वर चढा किंवा उतरा असेल तर त्याची पिच सेंटमध्ये (अर्ध्या स्वराच्या शंभराव्या भागांत) दुरुस्त करावी. जुन्या पेट्या ४४० हर्ट्झच्या मानाला लागलेल्या असतीलच असे नाही, म्हणून कानाबरोबर ट्यूनरचीही मदत घ्यावी.

‘कन्व्हर्ट एमएस टू प्रोग्राम’ या आज्ञेने मल्टिसॅम्पलचा वाजवण्याजोगा टोन होतो. त्यात दोन बदल आवश्यक आहेत. पेटीची पट्टी जोरात दाबल्याने आवाज मोठा होत नाही, म्हणून व्हेलॉसिटीचा (पट्टी दाबण्याच्या जोराचा) आवाजावरील परिणाम शून्य करावा. आवाजाचे चढउतार भात्याने होतात, म्हणून ते काम एक्स्प्रेशन पेडलकडे सोपवावे. एवढ्याने यांत्रिकपणा जितका जातो तितका कोणत्याही महागड्या रिव्हर्बने जात नाही.

संबळाचा लूप

येथे लय आधी ठरवावी लागते. मिनिटाला ९६ ठोके धरले तर एक ठोका ०.६२५ सेकंदाचा, चार ठोक्यांचा बार अडीच सेकंदांचा आणि चार बारचा लूप बरोबर दहा सेकंदांचा होतो. वादकाला मेट्रोनोम हेडफोनवर ऐकवावा, नाहीतर त्याची टिकटिक सॅम्पलमध्ये उतरते. लूप बरोबर समेवर कापावा. त्यानंतर ‘टाइम स्लाइस’ वापरल्यास वर्कस्टेशन प्रत्येक आघात वेगळा करून वेगळ्या पट्टीवर ठेवते आणि तोच ठेका वाजवणाऱ्या नोंदी सिक्वेन्सरसाठी लिहिते. पुढे लय ९६ वरून १०२ केली तरी संबळाचा सूर चढत नाही. आघात स्वच्छ असतील तरच हे जमते; घुमणाऱ्या खोलीत घेतलेल्या लूपचे तुकडे एकमेकांत मिसळलेले निघतात.

गाण्याची जुळणी

सिक्वेन्सरमध्ये लय आणि ताल प्रथम भरावेत. केरव्याला चार-चारचा बार चालतो. दादऱ्याला सहा-आठ ठेवावा, नाहीतर समा भलत्याच ठिकाणी दिसू लागतात. मुखडा, अंतरा आणि मधले म्युझिक ही वेगवेगळी ‘साँग’ म्हणून नोंदवावीत आणि ‘क्यू लिस्ट’ मध्ये हव्या त्या क्रमाने लावून ऐकावीत. दुसऱ्या अंतऱ्यापूर्वीचे म्युझिक लांबले असे वाटले तर एक ओळ बदलून निकाल लगेच कळतो. रचना पक्की झाली की क्यू लिस्टचे एकसंध साँगमध्ये रूपांतर करावे.

क्वांटाइझचा, म्हणजे नोंदी नेमक्या ठोक्यांवर सरकवणाऱ्या सोयीचा, वापर जपून करावा. बास आणि किक ड्रम यांना तो चालतो. पेटीच्या हरकती त्याने काटेकोर होतात आणि बेचव होतात. गायकाची पट्टी ऐन वेळी बदलली तर सुराचे ट्रॅक ट्रान्सपोज करावेत, पण स्लाइस केलेल्या संबळाच्या ट्रॅकला हात लावू नये. तेथे प्रत्येक पट्टीवर वेगळा आघात असतो, त्यामुळे दोन स्वर वर सरकवताच ठेक्याची पार खिचडी होते.

दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणातील तुकडा उचलायचा असेल तर मूळ रचना आणि ते ध्वनिमुद्रण अशा दोन्हींच्या हक्कधारकांची परवानगी लागते. स्वतः वाजवून घेतलेल्या ठेक्याला ही कटकट नाही.

जतन

ट्रायटनसारख्या वाद्यात सॅम्पल तात्पुरत्या स्मृतीत राहतात आणि वीज गेली की नाहीशी होतात. म्हणून प्रत्येक टप्प्यानंतर ‘सेव्ह ऑल’ करावे. त्यातून पीसीजी फाइलमध्ये टोन, एसएनजीमध्ये गाणे आणि केएससीमध्ये सॅम्पलांची यादी जाते. केएससी ही केवळ यादी असते. प्रत्यक्ष आवाज तिच्यासोबतच्या केएसएफ फायलींत असतो, त्यामुळे प्रत घेताना संपूर्ण फोल्डर उचलावा. स्टँडर्ड मिडी फाइल करून दुसऱ्या स्टुडिओत नेली तर केवळ नोंदी जातात, तुमची पेटी जात नाही. तिकडे न्यायची सॅम्पल वेव्ह स्वरूपात वेगळी काढावीत. शेवटी वाद्य बंद करून पुन्हा चालू करावे, तिन्ही फायली लोड कराव्यात आणि पहिल्या बारपासून गाणे वाजवून पाहावे.