बायोस उडालेला लॅपटॉप प्रोग्रामरने उठवायचा असेल तर

चिप लेव्हल, म्हणजे बोर्डावरच्या आयसीपर्यंतची दुरुस्ती, शिकायला लागलेली पोरं मेसेज करतात तेव्हा बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "दादा, ह्या मॉडेलची बिन फाइल आहे का?" बिन म्हणजे बायोसच्या चिपमध्ये लिहायची फाइल. आणि मी दर वेळी उलटं विचारतो, जुना डंप, म्हणजे चिपमधून वाचून घेतलेली प्रत, काढून ठेवलास का? कारण बायोस, म्हणजे मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्राम, उडाला म्हणजे चिपमधलं सगळंच गेलं असं नसतं, अपडेट चालू असताना लाइट गेली तर बऱ्याचदा एखादा भाग अर्धवट लिहिला जातो आणि बाकी त्या मशीनचं स्वतःचं सामान, म्हणजे सिरीयल नंबर, विंडोजची की, बऱ्याच बोर्डांवर लॅनचा मॅक ॲड्रेस, इंटेल असेल तर एमई रीजन (इंटेलच्या मॅनेजमेंट इंजिनचा भाग), हे त्याच आठ पायांच्या आयसीत शाबूत पडलेलं असतं. कुणाचीतरी फाइल वर मारली की डिस्प्ले येतो, गिऱ्हाईक खूश होऊन जातं, पण त्या मशीनची ओळख पुसली गेली आणि डंप नसेल तर ती परत आणायची कुठून? मला हे काम मनापासून आवडतं म्हणून सांगतो, ह्यात लिहिणं सोपं आहे, वाचणं शिका.

आणि नो डिस्प्ले म्हणजे बायोसच असं धरून चालू नका. आधी रॅम बदलून बघा, मल्टीमीटरने ३.३ आणि ५ व्होल्टचे रेल (सप्लाय) येतायत का बघा, शॉर्ट आहे का बघा. "काल अपडेट टाकलं आणि तेव्हापासून बंद" असं गिऱ्हाईक सांगत असेल तर मग बायोसवर संशय घ्यायला हरकत नाही. तरीसुद्धा लगेच प्रोग्रामरची (चिप वाचायच्या-लिहायच्या यंत्राची) क्लिप लावायची घाई नको, एचपीच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये विंडोज आणि बी बटण दाबून धरून रिकव्हरी होते, डेलमध्ये कंट्रोल आणि एस्केप दाबून चार्जर लावायचा असतो, असूसच्या बऱ्याच डेस्कटॉप बोर्डांवर फ्लॅशबॅकचं बटण असतं, गिगाबाइटच्या कितीतरी बोर्डांवर दुसरा बायोस असतोच. हे सगळं करून झालं की मग प्रोग्रामर.

सुरुवातीला सीएच३४१ए पुरतो, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन काहीशे रुपयांत क्लिपसकट मिळतो. पण त्याची एक गोष्ट विकणारा सांगत नाही. तो जो काळा स्वस्तातला येतो त्यात आयसीला पॉवर ३.३ व्होल्टच जाते पण डेटाच्या लाइन ५ व्होल्टवर चालतात, बरेच लोक तसाच वापरतात आणि बऱ्याचदा चालून जातं, तरी मी म्हणेन की व्होल्टेज बदलायचा स्विच असलेला नवा व्हर्जन घ्या, नाहीतर मल्टीमीटर लावून खात्री करा आणि कुणा जाणकाराकडून मॉडिफाय करून घ्या. दुसऱ्याचं बोर्ड आहे, नशिबावर सोडू नका.

त्याहून मोठा धोका १.८ व्होल्टच्या आयसीचा. चांगल्या उजेडात भिंग लावून नंबर वाचा. विनबॉन्डचं डब्ल्यू२५क्यू६४एफव्ही ३.३ व्होल्टचं आहे आणि डब्ल्यू२५क्यू६४एफडब्ल्यू १.८ व्होल्टचं, फरक फक्त शेवटच्या अक्षराचा. मॅक्रोनिक्सचं २५एल म्हणजे ३.३, २५यू म्हणजे १.८. गिगाडिव्हाइसमध्ये जीडी२५एलक्यू दिसलं तरी १.८ समजा. ह्यांना प्रोग्रामरवर १.८ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर लावल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि नंबर घासलेला असेल, वाचताच येत नसेल तर अंदाज न करता डेटाशीट किंवा बोर्डाचा स्कीमॅटिक (सर्किटचा नकाशा) शोधा.

क्लिप लावायच्या आधी चार्जर काढा, बॅटरीचा कनेक्टर काढा, सीमॉस सेलही काढा. आयसीवर जिथे ठिपका असतो तो पिन १, क्लिपची लाल वायर त्या बाजूला. मग सॉफ्टवेअरमध्ये आयसीचा आयडी वाचा, विनबॉन्डच्या ३.३ वाल्या ८ एमबीचा ईएफ ४० १७ येतो, १६ एमबीचा ईएफ ४० १८. सगळे एफएफ किंवा सगळे ०० आले तर बहुतेक वेळा क्लिप नीट बसलेली नसते, पाय आयसोप्रोपिलने पुसा आणि परत लावा. तरीही ओळखत नसेल तर प्रोग्रामरची पॉवर बोर्डाच्या बाकीच्या सर्किटमध्ये ओढली जात असणार, अशा वेळी क्लिपशी झटापट करत बसण्यापेक्षा हॉट एअरने आयसी काढून सॉकेटमध्ये वाचलेली बरी. काही बोर्डांवर पाय नसलेली चपटी आयसी असते, ती क्लिपमध्ये येतच नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एकदा वाचलं, सेव्ह केलं, की क्लिप काढून पुन्हा लावा आणि दुसऱ्यांदा वाचा, दोन्ही फाइलचा हॅश (फाइलमधल्या डेटावरून निघणारा ठशासारखा आकडा) जुळला पाहिजे, एक बाइट जरी वेगळा असेल तर तो डंप नाही, तो कचरा आहे. फाइलचा साइज पण बघा, ८ एमबीच्या आयसीची फाइल बरोबर ८३८८६०८ बाइटची हवी. लिनक्सवर फ्लॅशरॉम वापरा, विंडोजवर अ‍ॅसप्रोग्रामर, दोन्हीत हे जमतं.

एक केस सांगतो म्हणजे कळेल मला काय म्हणायचंय. एका इंजिनिअरिंगच्या मुलीचा लॅपटॉप आला होता, अपडेटमध्ये बंद पडलेला, प्रोजेक्ट सबमिशन तोंडावर. डंप हेक्स एडिटरमध्ये उघडला, पहिली ओळ सगळी एफएफ, दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला ५ए ए५ एफ० ०एफ. म्हणजे इंटेलचा डिस्क्रिप्टर, चिपमध्ये कुठला रीजन कुठे आहे ते सांगणारा भाग, जागेवर आहे. एमई रीजन पण ठीक दिसत होता. खाली बायोस रीजनमध्ये गेलो तर चालत्या कोडच्या मध्येच मोठा पट्टा नुसता एफएफ, मोकळी जागा तशी चांगल्या फाइलमध्येही असते म्हणून कंपनीच्या अपडेटमधून काढलेल्या इमेजशी शेजारी ठेवून बघितलं, तिथे तिकडे कोड होता आणि इकडे कोरं. इरेज झालेलं आणि लिहायच्या आधी पॉवर गेलेली, इतकं सरळ. युईएफआयटूल ह्या बायोसच्या फाइल उघडायच्या सॉफ्टवेअरमध्ये तेवढाच व्हॉल्यूम (बायोसचा तो तुकडा) नवा टाकला, बाकी तिचा डंप जसाच्या तसा, लिहून व्हेरिफाय केलं आणि लॅपटॉप तिच्याच सिरीयल नंबरसकट उठला. मला त्या दिवशी जे समाधान मिळालं ना ते दुसऱ्याची फाइल मारून मिळत नाही.

कंपनीची अपडेट फाइल सरळ आयसीत लिहू नका हेही ओघाने आलंच. तिच्यावर बऱ्याचदा हेडर असतो, असूसच्या कॅप फाइलला तर पुढे २०४८ बाइट जास्तीचे असतात, आणि लॅपटॉपच्या अपडेटमध्ये कित्येकदा पूर्ण इमेज नसतेच. दुसऱ्याचा डंप घ्यायचीच वेळ आली तर लॅपटॉपचं मॉडेल बघून घेऊ नका, बोर्डावर छापलेला नंबर जुळवा, कॉम्पालचे एलए पासून सुरू होतात, क्वांटाचे डीए० पासून. आणि एमई क्लीन करा, म्हणजे एमई रीजनमधली त्या दुसऱ्या मशीनची माहिती काढून तो कोरा करा, नाहीतर अर्ध्या तासाने मशीन बंद पडणं, फॅन फुल स्पीडला फिरणं असले प्रकार होतात.

लिहून झाल्यावर पहिल्या बूटला वेळ लागतो, स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते, लगेच पॉवर बटण दाबू नका. विंडोज सुरू होताना बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतो, ती बहुतेकांच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते पण गिऱ्हाइकाला अकाउंटचा पासवर्डच आठवत नाही, म्हणून हे काम हातात घेतानाच विचारून ठेवा, नंतर डेटा अडकला की बोलणी तुम्हीच खाणार.

सरावाला भंगारातले मेलेले बोर्ड घ्या. त्यावर काही लिहायची गरज नाही, नुसती क्लिप लावा, वाचा, परत लावा, परत वाचा, हॅश जुळवा आणि फाइलला बोर्ड नंबर, आयसीचा नंबर आणि तारीख अशी नावं देऊन ठेवा. त्यातल्या दोन-चार फाइल युईएफआयटूलमध्ये उघडून कुठला रीजन कुठे सुरू होतो ते वहीत उतरवून काढा, आणि हॉट एअरने आयसी काढून परत बसवायचा सरावही त्याच बोर्डांवर करा, पॅड उचकटला तरी तिथे कुणाचं नुकसान नाही.