ऑनलाइन व्हाइटबोर्डवर झूम अडकतंय? या चुका टाळा

"सगळं उडालं, बोर्ड कोरा झाला" किंवा "अजून झूम आउट होतच नाहीये", ऑनलाइन क्लास घेणारे सर-मॅडम हे सारखं विचारतात. घाबरू नका, बहुतेक वेळा काहीच उडालेलं नसतं, चित्र फक्त नजरेबाहेर गेलेलं असतं. बोर्ड कितीही पसरता आला तरी झूमला दोन्हीकडून कुंपण असतं. एक्सकॅलिड्रॉ, टीएलड्रॉ, मिरो ही व्हाइटबोर्डचीच अ‍ॅप्स, त्यातलं एक्सकॅलिड्रॉ १० टक्क्यांच्या खाली जात नाही आणि वर ३००० ला थांबतं, टीएलड्रॉ ८०० ला, मिरो ४०० ला.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे स्केल न ठरवता काढायला बसणं. समजा पोरांना मुंबई लोकलच्या वेस्टर्न लाइनचा नकाशा आडवा काढून दाखवायचाय, चर्चगेट ते विरार ६० किलोमीटर. १ पिक्सेलला १ मीटर धरलात तर झाले ६०,००० पिक्सेल, एक्सकॅलिड्रॉत १० टक्क्यांवर आलात तरी ६,००० उरतात आणि १९२० पिक्सेलच्या स्क्रीनवर गाडी पार्ल्याच्या आसपासच संपते, विरार कधी एका नजरेत दिसणारच नाही, मग कितीही स्क्रोल करा. त्यापेक्षा १ पिक्सेलला २० मीटर धरा. अख्खी लाइन ३,००० पिक्सेलमध्ये बसते, ५० टक्क्यांवर १,५०० मध्ये मावते आणि स्टेशनांची नावं ३६ साइजमध्ये लिहिलीत तर तेव्हाही ती १८ ची दिसतात, म्हणजे आरामात वाचता येतात. माझं तर ठाम मत आहे की पूर्ण चित्र ५० टक्क्यांवर मावलं पाहिजे, १० टक्क्यांच्या भरवशावर काही काढूच नका.

उलटी चूकही होते, जागा कमी पडली की लोक २००० टक्के झूम करून दोन स्टेशनांच्या मधे बारीक अक्षरात नोट लिहितात. लिहिणाऱ्याला ती सापडते, बाकी कुणाला नाही, आणि तोच मजकूर नंतर ४०० ला थांबणाऱ्या बोर्डवर नेला तर वाचताच येत नाही.

आता कोरा बोर्ड. शिफ्ट दाबून १ दाबा, एक्सकॅलिड्रॉ, टीएलड्रॉ, फिगजॅम तिन्हीकडे सगळं चित्र समोर येतं. पण ते मुंगीएवढं आलं तर समजा की कुठेतरी लांब एखादा चुकून पडलेला ठिपका किंवा रिकामा टेक्स्ट बॉक्स आहे, आणि सॉफ्टवेअर त्यालाही फ्रेममध्ये घ्यायला बघतंय. कंट्रोल ए करा, सिलेक्शनची चौकट कुठपर्यंत जाते ते बघा, तिकडे जाऊन तो ठिपका डिलीट करा आणि परत शिफ्ट १.

अजून एक, टूलबारवर माउस असताना कंट्रोल धरून स्क्रोल केलं की कधी कधी बोर्डऐवजी ब्राउझरचंच पान मोठं होतं, बटणं स्क्रीनबाहेर जातात आणि वाटतं झूम बिघडलाय. ब्राउझरच्या मेनूत जाऊन पानाचा झूम १०० वर आणा, बस.

मोठ्या बोर्डची पीएनजी (म्हणजे चित्राची फाइल) कोरी किंवा धूसर येत असेल तर एसव्हीजी (कितीही मोठी केली तरी धूसर न होणारी फाइल) काढा, नाहीतर एकेक भाग सिलेक्ट करून एक्स्पोर्ट करा.

आणि प्लीज, मोबाइलवाल्या पोरांचा विचार करा. आपल्या मुंबईत कितीतरी मुलं एकाच खोलीच्या घरातून, कधी लोकलमधून क्लासला जॉईन होतात, हातात ३६० पिक्सेल रुंदीचा फोन. तुमचा ३,००० पिक्सेलचा नकाशा तिथे पूर्ण बघायचा तर १२ टक्क्यांवर यावं लागतं आणि ३६ ची अक्षरं ४ ची होतात, वाचणार काय ती? त्यांनी तुमचा व्ह्यू फॉलो केला तरी तुमचा अख्खा स्क्रीन त्यांच्या फोनमध्ये आक्रसून बसतो. म्हणून नकाशाचे तुकडे करा, चर्चगेट ते दादर, दादर ते अंधेरी, अंधेरी ते बोरिवली, बोरिवली ते विरार, आणि शिकवताना एका वेळी एकाच तुकड्यावर झूम करून थांबा. पुढच्या तुकड्यावर जायच्या आधी "दिसतंय का सगळ्यांना?" असं विचारा आणि उत्तर येईपर्यंत स्क्रीन हलवू नका.