आधी रोह्याची वाट उघडा, मग वावर बंद करा

सोयाबीन निघालं, हरभरा उगवून आला, तूर फुलावर आहे. जंगलाला लागून वावर असलेल्यांची जागल आता सुरू होईल. टॉर्च, डबे, फटाके हे आठ दिवस चालतं. नवव्या दिवशी रोही (नीलगाय) टॉर्चकडे बघत बघत हरभरा खातो. त्याला हाकलण्याआधी तो येतो कुठून आणि जातो कुठे, हे यंदा पाहून घ्या.

रोही, चितळ, रानडुक्कर ही जनावरं रोज नवी वाट काढत नाहीत. पाणी, चारा आणि दिवसा बसायची जागा यांना जोडणारी, सर्वांत कमी त्रासाची वाट ती धरतात. पावसाळ्यात नाल्याकाठची वाट घाणेरीने किंवा वेड्या बाभळीने बुजली, की उरतं ते तुमचं मोकळं वावर. धुऱ्याकडची (बांधाकडची) चार तासं, म्हणजे पिकाच्या ओळी, दरवर्षी तिथेच का खाल्ली जातात, याचं उत्तर बहुतेकदा त्या बुजलेल्या वाटेत सापडतं.

चार-पाच दिवस सकाळी ऊन वर आल्यावर धुरा फिरा. ओल्या मातीत खुरांचे ठसे दिसतात: चितळाचा बारीक आणि टोकदार, रोह्याचा चांगला मोठा. रोही ठरावीक जागी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकतो, तो ढीग म्हणजे त्याच्या वाटेवरची खूणच. काटेरी तारेला अडकलेले केसही बघा. सगळं कागदावर मांडलं की आत येण्याच्या जागा मोजक्याच निघतात.

आता वावराबाहेरून, नाल्याच्या बाजूने वाट मोकळी करायची. चार-पाच फूट रुंदी पुरे. मोठा नर रोही खांद्यापर्यंतच साडेचार फूट भरतो, म्हणून आडव्या फांद्या सहा-सात फुटांपर्यंत छाटा. दोन्ही बाजूंची झुडपं मात्र राहू द्या. उघड्यावर जनावर बिचकतं आणि आडोसा असेल तर निवांत निघून जातं. सरळ रेघ मारू नका, नाला वळतो तशी वाट वळू द्या. छाटलेल्या बोरी-बाभळीच्या फांद्या पिकाकडच्या खिंडींत रचा. क्रम महत्त्वाचा आहे. आधी खिंडी बुजवल्या आणि वाट उघडलीच नाही, तर जनावर कुंपण तोडून आत शिरेल.

अमेरिकेत शिकारीसाठी राखलेल्या रानांत हरणं मचाणासमोरून जावीत म्हणून अशाच वाटा साफ करतात. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. विद्या तीच, आपल्याला ती हरभरा वाचवायला वापरायची आहे.

घाणेरी नुसती वरून कापली तर ती दुप्पट जोमाने फुटते. जमिनीखाली काही इंच मुळाचा गड्डा तोडून बाहेर काढा आणि उलटा करून वाळवा. पुढच्या पावसात उगवणारी रोपं हाताने उपटली नाहीत, तर ही मेहनत वाया गेली समजा. तरोटा आणि रानतुळस बी झडण्याआधीच काढा.

हे काम एकट्याने करण्यासारखं नाही. तुमच्या धुऱ्यावरून वळवलेला रोही शेजाऱ्याच्या तुरीत गेला तर भांडण ठरलेलं. नाल्यावरचे सगळे शेतकरी आधी एकत्र बसा. मालकीच्या जागेपुरतंच काम करा. वनहद्दीतली काडीही तोडायची नाही, तिथे वाट बुजली असेल तर वनरक्षकाला दाखवा. वाघ-अस्वलाच्या भागात चार जणांनी मिळून, ऊन वर आल्यावरच जा. खाली वाकून विळा चालवणारा एकटा माणूस सर्वांत जास्त धोक्यात असतो.

धुऱ्याकडे काटेरी करडईचे पट्टे घेतले असतील तर उत्तम. पण करडईला काटे उशिरा येतात, कोवळी असताना तिची आपणही भाजी करतोच की! म्हणून पहिला महिना-दीड महिना तिच्या भरवशावर राहू नका. झटका मशीन (कुंपणाच्या तारेत सौम्य झटका सोडणारं यंत्र) लावत असाल तर नाल्याकडची वाट तारेबाहेर ठेवा आणि तारेला टेकणारं गवत दर आठवड्याला काढा, नाहीतर झटका जमिनीत जातो. घरच्या लाइनची वीज थेट तारेत सोडणं हा गुन्हा आहे. त्यात वाघ मेले आहेत, आणि रात्री मोटार सुरू करायला गेलेला घरचा माणूसही मरतो.

एक जोखीम मात्र आहे: मोकळी वाट शिकाऱ्यालाही दिसते. आठवड्यातून एकदा तरी चक्कर मारा. गुडघ्याच्या उंचीवर क्लच वायरचा फास किंवा जमिनीलगत ताणलेली तार दिसली तर हात लावू नका, तारेत करंट असू शकतो. फोटो काढून वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा.

वाट साफ करायला आग कधीच लावू नका. 15 फेब्रुवारीपासून वणव्याचा हंगाम धरला जातो, त्याआधी वाळलेला पाला ओढून बाजूला करा, कंपोस्टला उपयोगी पडेल.

एवढं करूनही काही तासं जातीलच. नुकसान दिसल्याबरोबर खुरांच्या ठशांसह फोटो घ्या आणि वनविभागाकडे लगेच अर्ज द्या. पंचनामा होईपर्यंत तो तुकडा डवरू (कोळपू) नका. ठसे पुसले की तुमच्याकडे दाखवायला काही राहत नाही.