मुलाचा दात मुळासकट पडला, तर पहिल्या तासात काय करावे

पळापळीत, सायकलवरून, बाथरूमच्या ओल्या फरशीवर मूल तोंडावर आपटतं आणि वरचा पटाशीचा दात मुळासकट हातात येतो. तो अनेकदा वाचवता येतो, पण खरी धावपळ पडल्या जागीच करायची असते.

१. आधी मूल पाहा. शुद्ध हरपली, उलटी झाली किंवा गुंगी आली, तर दाताचं नंतर. थेट रुग्णालय गाठा.

२. दात दुधाचा की कायमचा? वरचे मधले कायमचे दात साधारण ७-८ व्या वर्षी येतात. ते मोठे असतात, नवे असताना कडाही दातेरी असते. दुधाचा दात परत बसवायचा नाही. खाली तयार होणाऱ्या दाताला इजा होते.

३. कायमचा दात पांढऱ्या भागाला धरूनच उचला. मुळावर जिवंत पेशींचा पातळ थर असतो, दात हिरडीत पुन्हा रुजणार तो त्याच्याच जोरावर. माती लागली असेल तर दुधाने किंवा नळाखाली दहाएक सेकंद धुवा. घासू नका. आणि हो, घरातलं कुणीही कितीही म्हणालं तरी हळद लावू नका.

४. जमलं तर लगेच खोबणीत बसवा. पुढची बाजू ओठाकडे, शेजारच्या दाताशी पातळी जुळवून हलकेच दाबा आणि मुलाला स्वच्छ रुमाल चावून धरायला सांगा.

५. धीर होत नसेल तर दात थंड दुधात बुडवून दंतवैद्याकडे न्या. पिशवीतलं साधं दूध चालतं. पाण्यात ठेवल्यास मुळावरच्या पेशी फुगून फुटतात. कागदात गुंडाळून कोरडा ठेवल्यास तासाभरात बहुतेक मरतात. दूध नसेल तर मुलाला वाटीत थुंकायला लावा, त्या लाळेत ठेवा.

६. दंतवैद्य दात शेजारच्या दातांना बांधतात, साधारण दोन आठवडे. धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा. मूळ पूर्ण वाढलेलं असेल तर रूट कॅनालही लागतं.

दाताचा नुसता टवका उडाला असेल तर तुकडा दुधात घालून न्या, चिकटवता येतो. दात दिसत नाही म्हणजे पडलाच असं धरू नका. आत घुसलेलाही असू शकतो, एक्स-रेत कळतं.

वरचे दात पुढे आलेल्या मुलांना हा धोका जास्त. त्यांना ऑर्थोडॉन्टिस्टला, म्हणजे वेडेवाकडे दात सरळ करणाऱ्या दंतवैद्याला, दाखवा. कबड्डी, हॉकी, कराटेला माउथगार्ड (दातांवर बसवायचं मऊ कवच) आणि लेदर बॉलने क्रिकेट असेल तर जाळीचं हेल्मेट, सरावालासुद्धा.