रेट्रो बुकशेल्फ स्पीकर घरात कसे लावावेत

‘बुकशेल्फ’ हे नाव ऐकून अनेकजण हे स्पीकर थेट पुस्तकांच्या कपाटात ठेवतात आणि मग आवाज घुमतो म्हणून तक्रार करतात. हे नाव रूढ होण्यामागे एक खरे कारण होते. खालचे स्वर नीट ऐकू यायचे तर कपाटाएवढी पेटी लागते, असा समज असतानाच्या काळात, १९५४ साली, अमेरिकेतील केंब्रिज येथे एडगर विल्चर यांच्या अकूस्टिक रिसर्च या कंपनीने पूर्ण बंद पेटीचा एआर-१ हा स्पीकर आणला. त्या पेटीत कोंडलेली हवाच वूफरच्या, म्हणजे खालचे स्वर काढणाऱ्या भागाच्या, पडद्याला स्प्रिंगसारखी मागे खेचत असे, त्यामुळे लहान पेटीतूनही खर्जाचा आवाज निघू लागला आणि स्पीकर फळीवर ठेवणे शक्य झाले. आज जुन्या रूपात मिळणारे बहुतेक स्पीकर मात्र बंद पेटीचे नसतात, त्यांना हवा आतबाहेर जाण्यासाठी भोक, म्हणजे पोर्ट, असते. म्हणून विकत घेण्यापूर्वी लाकडाचा रंग आणि जाळीचे कापड पाहण्याआधी पेटीची मागची बाजू पाहावी.

१९६५ सालचे नाव घेऊन २०१९ मध्ये परतलेल्या वॉर्फडेल लिंटनला मागे दोन पोर्ट आहेत. साडेछप्पन्न सेंटिमीटर उंचीच्या आणि अठरा किलोंहून अधिक वजनाच्या या पेटीला स्टँड आणि मागे मोकळी जागा, दोन्ही लागतात. जेबीएलच्या एल५२ क्लासिकचा पोर्ट पुढे असल्याने तो भिंतीजवळ ठेवता येतो. बीबीसीने सत्तरच्या दशकात स्टुडिओबाहेरून प्रक्षेपण करणाऱ्या गाड्यांसाठी तयार केलेला एलएस३/५ए हा जेमतेम तीस सेंटिमीटर उंचीचा बंद पेटीचा स्पीकर असून त्याच्या धर्तीवरचे स्पीकर आजही बनतात. दहा बाय बाराच्या खोलीत गाणे ऐकणाऱ्याला मी हाच सुचवीन, कारण माणसाचा आवाज त्यातून ज्या नैसर्गिकतेने येतो तिला तोड नाही. मोठा दिवाणखाना असेल तर लिंटन घ्यावा.

ॲम्प्लिफायर निवडताना स्पीकरची संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक शक्तीवर तो किती मोठा आवाज देतो, हे पाहावे. ती ३ डेसिबलने कमी झाली की तेवढ्याच आवाजासाठी दुप्पट शक्ती लागते. लिंटनची संवेदनशीलता ९० डेसिबल आणि एल५२ची ८५ असल्यामुळे, लिंटनला जिथे दहा वॉट पुरतात तिथे एल५२ला तीस लागतात. एल५२चा रोध, म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा, ४ ओहम आहे, तेव्हा ॲम्प्लिफायर ४ ओहमचा भार पेलतो की नाही हे दुकानातच विचारून घ्यावे.

आता मुख्य काम, ते म्हणजे जागा ठरवण्याचे. आपल्याकडच्या अनेक फ्लॅटमध्ये दोन फुटी फरश्या असतात आणि मोजमापासाठी त्या फार उपयोगी पडतात. दोन स्पीकरांमध्ये तीन फरश्यांचे, म्हणजे सहा फुटांचे अंतर ठेवावे, आणि आपण प्रत्येक स्पीकरपासून तेवढ्याच किंवा थोड्या अधिक अंतरावर बसावे. मागच्या भिंतीपासून पाऊण फरशीने, म्हणजे दीड फुटाने, सुरुवात करून पेटी दोन-दोन इंच पुढेमागे सरकवत ऐकावे. पेटी भिंतीकडे गेली की खर्ज वाढतो, फार जवळ गेली की तो सैल पडतो आणि तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा डग्गा थांबल्यावरही रेंगाळतो. डग्ग्यावरची मींड स्पष्ट ऐकू येऊ लागली की तिथेच थांबावे. कोपरे मात्र कटाक्षाने टाळावेत.

यानंतर ७८ आरपीएमच्या तबकडीवरून उतरवलेले एखादे जुने नाट्यपद लावावे. ही ध्वनिमुद्रणे मोनो आहेत, म्हणजे दोन्ही स्पीकरांतून तोच आवाज येतो, त्यामुळे गायकाचा आवाज दोन्ही स्पीकरांच्या बरोबर मधोमध, जणू तिथे कोणी बसले आहे अशा ठिकाणाहून आला पाहिजे. तो एका बाजूला कलत असेल तर एक स्पीकर जवळ आला आहे. तो कुठेच न ठरता डोक्याभोवती पसरत असेल तर एका स्पीकरची अधिक-उणे वायर उलटी लागली आहे. ॲम्प्लिफायर बंद करून ती सुलटी करावी. वायरवर मोठा खर्च करण्याची गरज नाही, अडीच चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर घरच्या अंतराला पुरते.

ट्वीटर, म्हणजे वरचे स्वर काढणारा छोटा भाग, कानाच्या उंचीवर हवा. सोफ्यावर बसणाऱ्याचे कान साधारण तीन फुटांवर येतात, त्यामुळे छोट्या पेटीला दोन फुटी स्टँड योग्य ठरतो. पण गादी-लोडावर बसून गाणे ऐकण्याची सवय असेल तर कान अडीच फुटांच्याही खाली येतात, आणि मग तोच स्टँड उंच होऊन तानपुऱ्याची जवारी मंद वाटू लागते. अशा घरी दीड फुटी स्टँड करून घ्यावा. लिंटनचे ट्वीटर एका बाजूला सरकवलेले असून डावा-उजवा नग एकमेकांचे प्रतिबिंब असतात, तेव्हा जोडी उलटसुलट करूनही एकदा ऐकावे.

जाळी काढावी की ठेवावी, हे प्रत्येक स्पीकरनुसार ठरते. एलएस३/५एची घडण जाळी गृहीत धरून केलेली आहे, म्हणून ती काढू नये. एल५२च्या पुढच्या बाजूला वरच्या स्वरांसाठी बटण आहे. उघड्या फरशीच्या, मोठ्या काचांच्या खोलीत आवाज टोचत असेल तर ते किंचित कमी करावे, मात्र आधी सतरंजी आणि जाड पडदे लावून पाहावेत.

खरोखरच्या जुन्या जोडीचा मोह होत असेल तर जाळी काढून वूफरच्या कडेला बोट लावून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. मी एकदा केवळ लाकडावर भाळून जोडी घरी आणली आणि पहिल्याच संध्याकाळी कडेचा फोम बोटाखाली ओल्या बिस्किटासारखा चुरगळला. फोम काळानुसार कुजतोच, आणि किनारपट्टीच्या दमट हवेत तो टिकण्याचा भरवसा आणखी कमी. रबराची कड असलेली जोडी त्या मानाने निर्धोक असते. नव्या जोडीचे व्हीनिअरही (पेटीवरचा लाकडाचा पातळ थर) पावसाळ्यात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवावे आणि फक्त कोरड्या सुती कापडाने पुसावे. जागा एकदा पक्की झाली की स्टँडच्या पायांभोवती फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा कराव्यात, म्हणजे केर काढताना सरकलेला स्पीकर पुन्हा बरोबर तिथेच ठेवता येतो.